बारा आण्यांचा तास

तातू कांदळगावकराच्या दुकानात
सायकलींना नावं नव्हती, नंबर होते,
मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटने, त्याच्याच वाकड्या अक्षरात.
एक ते आठ मोठ्या.
नऊ नंबरची तेवढी लहान.

चाकं एवढीशी, की पाय दहादा फिरवावा
तेव्हा कुठे एक इमारत मागे सरकायची.
घंटीला झाकण नाही. ब्रेक म्हणजे आपली चप्पल.
चेन दर फेरीला उतरायची,
चढवताना बोटांना जे काळं लागायचं
ते फ्रॉकला पुसायचं नाही असं ठरवून
फ्रॉकलाच पुसलं जायचं.

तासाला बारा आणे.
कन्नमवार नगरात तेव्हा
एका पोराकडे एकदम बारा आणे असले
तर लोक विचारायचे, कुठून आणलेस.
म्हणून आम्ही तिघं. मी, वैजू साळसकर,
आणि तळमजल्यावरचा पुऱ्या.
चार-चार आणे, वीस-वीस मिनिटं.
तातू वहीत वेळ लिहायचा,
पेन्सिल कानावर ठेवत म्हणायचा,
‘टायम चुकलो तर फाल्यां गावची नाय.’
फाल्यां म्हणजे उद्या,
हे मला त्या दुकानात कळलं.

घड्याळ वैजूकडे.
तिच्या बाबांचं. पट्ट्याला खिळ्याने जादाची भोकं पाडलेली,
तरी कोपरापर्यंत घसरायचं.
पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ती बसायची,
परीक्षेला बाई बसतात तशी,
आणि ओरडायची, ‘झाली वीस!’

पुऱ्या भांडायचा. त्याची वीस नेहमी लवकर व्हायची.
माझी भरपूर पुरायची.
टाकीपासून रेशन दुकान, तिथून पिठाची गिरणी,
मग खाडीच्या अंगाला उतरणारा रस्ता.
तिथे पाय उचलून हवेत धरायचे,
नऊ नंबर आपली आपण पळायची,
मिठागराकडून खारट वारा तोंडात शिरायचा
आणि पॅडल रिकामीच फिरत राहायची, खटखटत.
चढावर हातात धरून आणायची.
एवढं सगळं वीस मिनिटांत बसतं
याचं श्रेय मी माझ्या वेगाला देत आले,
चाळीस वर्षं.

परवा पुऱ्याच्या मुलीचं लग्न. मुलुंडला.
हॉलखालच्या पार्किंगमध्ये
कुणाकुणाच्या लहान सायकली खांबाला बांधलेल्या,
गुलाबी, टायर बसलेल्या, एकीच्या दांड्यावर
दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच.
मी वाकून एकीचं चाक फिरवून पाहिलं.
वैजू म्हणाली, ‘चल, पंगत बसतेय.’

मसालेभात वाढून झाल्यावर,
लोणचं बाजूला सारत, सहज सांगितल्यासारखं,
‘ते घड्याळ बंद होतं गं.
बाबांची कंपनी बंद पडली, त्याच्याही आधीपासून.’

‘मग वीस?’

‘मनात मोजायचे. पुऱ्याचे भराभर.
तुझे मोजताना तू खाडीच्या वळणाला दिसेनाशी झालीस
की माझा आकडा अडकायचा.
तू वर आलेली दिसलीस की पुढचा.
एकदा तर साताशे बाराला किती वेळ थांबले होते,
तुझी चेन पडली असणार.’

समोर पुऱ्या हात जोडत फिरत होता,
फेटा सुटलेला, टक्कल चमकत होतं,
‘सावकाश होऊ द्या, सावकाश.’
मला एकदम त्याची माफी मागावीशी वाटली.
पण आधी वैजूला विचारलं,
‘तातूचं घड्याळ तर चालू होतं.
मग तुझी वीस?’

तिची बोटं मसालेभाताने तेलकट.
कागदी रुमाल शोधला तिने, पानाखाली, मांडीवर.
नव्हता.
मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि मोतिया पैठणीच्या आतल्या काठाला
बोटं पुसून घेतली, पटकन.

‘उरायची की,’ म्हणाली. ‘चार-पाच.’